डासांची आवक-जावक

३ ऑगस्ट, रविवार
आज कानबाईचा सण. रोटाचा नैवेद्य झाला. शिल्पा आली नाही. पुण्याहून फोन आला : पप्पा, तुमच्याकडे डास फार, बाळ सहा महिन्यांचं आहे, डास गेले की लगेच येते. मी म्हटलं, तुझी सोय बघ. मला काही वाटलं नाही. नातवाला एकदाच पाहिलंय, तेही दवाखान्यात, काचेतून. ही मात्र खिरीची वाटी हातात घेऊन बराच वेळ दारात उभी होती. बायकांना रडायला निमित्त लागतं.

संध्याकाळी नगरपंचायतीची नोटीस वाचली. प्रत्येक प्रभागात डास निर्मूलन समिती. अध्यक्ष नागरिकांनी निवडायचा. १४ सप्टेंबरला मराठी शाळेत चिठ्ठ्या टाकून मतदान. मानधन नाही. मात्र धुराच्या मशीनची किल्ली अध्यक्षाकडे.

वाचताच लक्षात आलं, ही नोटीस माझ्यासाठीच काढलेली आहे. धुळ्याला इतक्या मोठ्या ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलं. एक कागद हरवला नाही. सावरखेड्यात दुसरं आहे कोण? या गावात लोकांना पाकिटावर पत्ता कुठे लिहितात ते माहीत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
अर्ज भरला. समोर उमेदवार कोण? द्रौपदाबाई सपकाळे! आरोग्य केंद्रातून रिटायर झालेली नर्स. आयुष्यभर पोरांना सुया टोचल्या म्हणजे प्रशासन कळतं का? प्रचार काय, तर हातात चहाची गाळणी आणि बॅटरी. घरोघर जाते, टाकीत वाकून बघते, अळी दिसली की गाळून मातीत टाकते. चहा पिते, पुढच्या घरी. ना पत्रक, ना व्हिजन.

माझा मुद्दा एकच : अकाउंटेबिलिटी. डास मारणं हे शिपायाचं काम. डासाला जबाबदार कोण, हे ठरवणं अध्यक्षाचं काम.

निश्चय : रोज सकाळी पाचला उठणे, दहा घरांना भेटी, भाषण पाठ करणे.

७ ऑगस्ट, गुरुवार
सव्वाआठला उठलो. पाऊस होता.

माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर आलं. मी विचारलं होतं : गेल्या पाच वर्षांत प्रभाग ७ मध्ये एकूण डास किती, पैकी मारलेले किती, शिल्लक किती, प्रमाणित प्रत द्यावी. उत्तर : 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' म्हणजे कबुलीच! ताबडतोब अपील ठोकलं. पोच देताना तिथला क्लार्क वाल्मीक हसत होता. शिक्का उलटा मारला. असल्यांना मी माझ्या टेबलाच्या आसपास उभं केलं नसतं.

१० ऑगस्ट, रविवार
सुनावणी ९ सप्टेंबरला, मुख्याधिकारी साहेबांसमोर. पुरावा लागेल. रिटायर झालो तेव्हा ऑफिसने शाल-श्रीफळ दिलं, आवक-जावकचं कोरं रजिस्टर मी स्वतः आणलं होतं. तेव्हा ही म्हणाली होती, याचं काय लोणचं घालायचंय का? आज कळेल तिला.

१३ ऑगस्ट, बुधवार
ऐतिहासिक दिवस. पुरावा गोळा केला. हिच्या लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या रिकाम्या मिळाल्या. म्हणजे दोन रिकाम्या होत्या, एक केली.

बरणी १ : नगरपंचायतीच्या व्हॉल्व्हचा खड्डा. अळ्या २२.
बरणी २ : हिलालच्या दारातलं जुनं टायर. १७.
बरणी ३ : हिलालचाच कूलर. उन्हाळा संपून दोन महिने झाले, पाणी तसंच. २१.
एकूण आवक ६०. लेबल, तारीख, सही. सगळं जिन्याखाली सावलीत ठेवलं.

हिलाल म्हणजे शेजारी. तो बघत उभा होता. म्हणाला, "नाना, आते ह्या अळ्यासले दूधबी पाजशात का?" अशिक्षित माणूस.

ही म्हणाली, निदान झाकण तरी लावा. झाकण लावलं तर पुरावा गुदमरतो. मेलेला पुरावा सुनावणीत टिकत नाही, हे हिला कोण सांगणार?

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदनानंतर शाळेत भाषण केलं. 'उत्तरदायित्व' हा शब्द अकरा वेळा आला. सातव्या वेळेपासून पब्लिक जिलेबीच्या टेबलाकडे सरकायला लागली. या देशाची लोकशाही जिलेबीने बुडवली.

द्रौपदाबाई दोनच वाक्यं बोलली. टाकीला जुन्या साडीचं फडकं बांधा आणि संडासच्या पाइपला जाळी लावा. टाळ्या! मला कीव आली.

नंतर ती घरी आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गप्पी मासे घेऊन. तिचा मुलगा प्रशील हिवताप ऑफिसात कंत्राटी आहे, त्याने दिलेले. म्हणाली, भाऊ, हे तुमच्या बरण्यांत सोडा, अळ्या खाऊन टाकतील. काय डाव आहे बघा! माशांच्या हातून पुरावा नष्ट करायचा. मी मासे परत केले. हिने मागच्या दाराने जाऊन ते मागून घेतले आणि आमच्या हौदात सोडले. हौद पुराव्यात नाही, म्हणून मी बोललो नाही.

२० ऑगस्ट, बुधवार, सकाळी ९
चोरी झाली. नियमित मोजणी केली : बरणी १ मध्ये ४, बरणी २ मध्ये ३, बरणी ३ मध्ये २. एकूण ९. साठपैकी ५१ अळ्या बेपत्ता!

एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून टाचणी गेली नाही. आज एकावन्न नग. संशय उघड आहे. गावात गाळणी घेऊन कोण फिरतं?

हिला विचारलं, द्रौपदाबाई आली होती का? म्हणाली, काल आली होती, चहा प्यायली. चहा कशाने गाळला, असं मी विचारलं. ही आत निघून गेली.

दुपारी १२
पोलीस चौकीत गेलो. जमादार म्हणाला, काय चोरीला गेलं? सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि मला पाणी दिलं. तक्रार घेतली नाही. पाण्याचा ग्लास बघितला, त्यात अळी नव्हती. तेवढं चांगलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
जिन्याखालच्या कोनाड्याला जाळीचं जुनं दार बसवलं, कुलूप लावलं. जाळी मोठी आहे, कोंबडीच्या खुराड्याची, पण द्रौपदाबाईचा हात जाणार नाही एवढं नक्की.

मास्टरस्ट्रोक सुचला. शनिवारी प्रभागात 'कोरडा दिवस' जाहीर करायचा. सरकारी पत्रकातच आहे : आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या, ड्रम रिकामे करून कोरडे करावेत. रिक्षावर भोंगा लावला. माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं. 'शनिवारी कोरडा दिवस! कडक पाळा! – हेमराज बोरसे.'

२३ ऑगस्ट, शनिवार
लिहायला हात उठत नाही. पण रेकॉर्ड राहिलं पाहिजे.

काल पोळा, आज करीचा दिवस. पुरुष मंडळींनी भोंगा ऐकून भलताच अर्थ घेतला. शनिवारी दारूचं दुकान बंद! पोळ्याच्या संध्याकाळीच दुकानासमोर ही रांग. हिलाल दोन पिशव्या घेऊन आला आणि वर मलाच म्हणाला, "नाना, तुमनामुळे आगाऊ सोय करी लिन्ही. तुमना मोठा उपकार शे." आज सकाळी सगळी गल्ली आडवी. कोरडं काहीच नव्हतं.

बायकांनी अर्थ बरोबर घेतला, ते जास्त वाईट झालं. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. शेवटचा कालच आला. कालच भरलेल्या टाक्या आज ओता असं मी म्हणतोय, हे कळल्यावर गल्लीतली भिकुबाई थेट दारात आली. सत्तर वर्षांची बाई, पण काय तो आवाज! "आठ दिनमा एकदाव नळ येस, ते पानी फेकी दिऊ तं प्यावानं काय? तुमनं भाषण?" मागे वीस-पंचवीस बायका, प्रत्येकीच्या कमरेवर हंडा.

मी शांतपणे सांगितलं की पत्रक शासनाचं आहे, माझं नाही. मग ही बाहेर आली आणि म्हणाली, जा गं बायांनो, आमच्या घरीही कोणी टाकी ओतलेली नाही. नवऱ्याची बाजू घ्यायची ही पद्धत!

निष्कर्ष : जनता अजून तयार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
द्रौपदाबाई घरोघर सांगतेय, पाणी ओतू नका, नुसतं फडक्याने बांधा आणि गाळा. म्हणजे कोरड्या दिवसाला सरळ विरोध. शासनविरोधी भूमिका. नोंद घेतली.

२८ ऑगस्ट, गुरुवार
आश्चर्य! मोजणी केली तर बरण्यांत अळ्या ७४. चोराने परत आणून ठेवल्या. कुलपाची भीती बसली, शिवाय १४ अळ्या दंड म्हणून जास्त दिल्या. अकाउंटेबिलिटीचा हा पहिला विजय. ७४ ची रीतसर आवक केली.

हिला दाखवलं. म्हणाली, अहो, इतकी वर्षं ऑफिसात होतात म्हणून घर सुखी होतं.

घरात डास वाढलेत हे खरं. दिवसाही चावतात. पायावर पांढरे पट्टे असलेले. दार सताड उघडं टाकायची हिची सवय.

४ सप्टेंबर, गुरुवार
पुन्हा चोरी! ७४ पैकी २० शिल्लक. ५४ गायब. कुलूप जसंच्या तसं. म्हणजे डुप्लिकेट किल्ली आहे. प्रकरण वरपर्यंत आहे.

दुसरी बातमी : हिलालच्या बायकोला ताप. भिकुबाईच्या सुनेलाही. डॉक्टर म्हणाला, डेंग्यू. आमच्या गल्लीत दोन केस, बाकी प्रभागात एकही नाही. नगरपंचायत आमच्याच गल्लीवर सूड उगवतेय हे शेंबड्या पोरालाही कळेल. विषय चांगला तापला. पत्रकात 'आता तरी जागे व्हा' असं मोठ्या अक्षरात टाकलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
सुनावणी. पिशवीत फुटू नयेत आणि सांडू नये म्हणून बरण्यांना आदल्या दिवशीच झाकणं लावली होती.

मुख्याधिकारी पोरसवदा आहे. वय तिशीच्या आत, चेहऱ्यावर झोप. मी पंचवीस मिनिटं बाजू मांडली. मग बरणी ३ टेबलावर ठेवून झाकण उघडलं. आतून सात-आठ डास भुर्रकन बाहेर आले. साहेब उठून उभे राहिले. वाल्मीक फायलीने वारा घालायला लागला. मी ताबडतोब म्हटलं, साहेब, आपल्या चेंबरमध्येच डास आहेत, याची इतिवृत्तात नोंद घ्यावी.

साहेब म्हणाले, काका, हे तुम्ही घरी पाळले का? मी म्हटलं, पाळले नाहीत, दप्तरी ठेवलेत. साहेबांनी डोळे मिटले आणि अपील निकाली काढलं. निकालात काय लिहिलं ते अजून कळलं नाही, पण चेहऱ्यावरून माणूस हादरला होता.

बरण्या परत आणल्या. अळ्या ३. झाकणं पुन्हा काढली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
हिला कणकण. अंग दुखतंय म्हणते. दोन दिवस राहिले, नेमकं आताच. पत्रकं वाटायला मी एकटाच. साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. चहा मी केला. साखर सापडली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
मतदान. ही तापातच उठली, स्वेटर घातला आणि शाळेपर्यंत चालत आली. मी म्हटलं, राहू दे. म्हणाली, नाही, यायचंच आहे. खरं सांगतो, मला भरून आलं. चौतीस वर्षांच्या संसारात इतकं कोणी माझ्यासाठी चाललं नाही.

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. मोजल्या वाल्मीकने.
द्रौपदाबाई सपकाळे : ९३.
हेमराज बोरसे : २.

दोन. एक माझं, एक हिचं. हरलो तरी घर माझ्या बाजूने उभं आहे. परत येताना हिचे आभार मानले. ही रस्त्यात थांबली, भिंतीला हात टेकला आणि म्हणाली, अहो, मी द्रौपदाबाईला दिलं. आपलं बाळ यावं म्हणून दिलं.

घरी येऊन मी पुन्हा हिशेब केला.

मग दुसरं मत कोणाचं?

१५ सप्टेंबर, सोमवार
द्रौपदाबाई घरी आली. हिचा ताप बघितला, डोळे बघितले, हातावरचं पुरळ बघितलं. प्रशीलला फोन केला. अर्ध्या तासात गाडी. धुळ्याला नेलं, डॉक्टरांनी लगेच भरती केलं. प्लेटलेट्स खाली.

निघण्याआधी ती जिन्याखाली गेली होती. बॅटरी मारून आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, भाऊ, अळीला आठ-दहा दिवसांत पंख फुटतात. तुम्ही झाकण ठेवलं नाही.

मी म्हटलं, बाई, यावर शास्त्रीय मतभेद असू शकतात.

ती म्हणाली, असतील. आधी तिच्यासाठी चादर घ्या.

गाडीत तिला विचारलं, मला एक मत जास्त पडलं, ते कोणाचं? म्हणाली, माझं. स्वतःलाच मत कसं देणार, भाऊ, बरं दिसतं का?

१७ सप्टेंबर, बुधवार, धुळे
दवाखान्यात बाकावर. शिल्पा आली, एकटीच. बाळ सासूजवळ ठेवून. माझ्याकडे पाठ करून आईचे केस विंचरत बसली. हिच्या प्लेटलेट्स तेवीस हजार. हा आकडा मी मोजलेला नाही, पण माझ्याशी संबंधित आहे असं आज सारखं वाटतंय.

हिलाल भेटायला आला. नशिराबादला बहिणीकडे गेला होता, तिथून थेट. त्याची बायको बरी झाली. त्याने पपया आणल्या होत्या. मला वाटलं, आता सुनावेल. पण म्हणाला, "नाना, तुम्ही जेवनात का?" मी जेवलो नव्हतो. याला मी अशिक्षित म्हटलं होतं, मागे १३ ऑगस्टला. ती ओळ खोडायची आहे.

२० सप्टेंबर, शनिवार
प्लेटलेट्स बासष्ट हजार. डॉक्टर हसला. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

२१ सप्टेंबर, रविवार
हिला घरी आणलं. अशक्त आहे. उशाला टेकून बसली आणि पहिला प्रश्न, लोणच्याच्या बरण्या कुठे आहेत? शिल्पाने उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळत ठेवल्या आहेत. लेबलं निघत नाहीत. गोंद चांगला वापरला होता मी.

शिल्पा उद्या पुण्याला जाते. बाळाचं विचारायचा धीर झाला नाही. हिनेच विचारलं. शिल्पा म्हणाली, बघू आई, पुढच्या वर्षी.

संध्याकाळी प्रशील समितीचा कागद घेऊन आला. पहिली नोटीस, जावक क्रमांक १, सहीला द्रौपदाबाई. 'आपल्या घरी जिन्याखाली तीन भांड्यांत डासांच्या अळ्या आढळल्या. भांडी रिकामी करावीत.' शिक्का सरळ. पत्ता बरोबर जागी. एकही चूक काढता आली नाही. सही करून पोच दिली आणि कागद आवक केला.

मग रजिस्टर उघडलंच होतं म्हणून जावकचं पान काढलं. ते आजपर्यंत कोरंच होतं. आवक झालेल्या वस्तूची जावक नाही, असं माझ्या टेबलावर कधी झालेलं नाही. चोरी चोरी म्हणून ओरडत राहिलो आणि मुख्य नोंदच राहून गेली. आज पूर्ण केली.

तपशील : डास.
नग : ५१, नंतर ५४, नंतर १७.
कोणाकडून : हेमराज बोरसे, जिन्याखालून.
कोणास पाठवले : मंजुळा हेमराज बोरसे.
शेरा : पोच मिळाली.